लेकरं कुठं ठेवायची

पुनमचंद शेठच्या जिनिंगमध्ये दोन भोंगे होते असं बाया म्हणत. एक छपरावरचा, आणि दुसरी भागूबाई. सकाळी सातला छपरावरचा वाजायचा तेव्हा ती फाटकाच्या आत उभी असायची आणि येणाऱ्या प्रत्येक बाईकडे एकदा नीट बघून घ्यायची. कुणाच्या अंगात ताप आहे, कुणी घरून मार खाऊन आलीय, कुणाला दिवस गेलेत, हे तिला चालीवरूनच कळायचं. साठ बायांवर ती मुकादमीण होती. हिंगोली स्टेशनच्या पलीकडच्या त्या फाटकातून तिने वीस-बावीस हंगाम ये-जा केली होती. त्यातले पहिले तेरा-चौदा तर खुद्द यंत्रावर.

हंगाम दिवाळीला सुरू व्हायचा. कापसाच्या गाड्यांची रांग लागायची ती होळीपर्यंत हटायची नाही. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये सरकी काढायच्या यंत्रांच्या दोन रांगा होत्या आणि एकेका यंत्रापुढे एकेक बाई. ओंजळीओंजळीने कापूस घालत राहायचा. सरकी खाली गळायची, रुई पुढून निघायची. हात थांबला की यंत्र रिकामं खडखडायचं आणि तो खडखडाट शेठच्या गादीपर्यंत ऐकू जायचा. संध्याकाळी बाया बाहेर पडत तेव्हा भुवयांपासून पदरापर्यंत पांढऱ्या झालेल्या असत, आणि रस्त्याने खोकत जात.

त्या साठांत अंगावर पिणारं लेकरू असलेल्या दहा-पंधरा जणी दर हंगामात असायच्याच. त्यांची लेकरं मागच्या गोदामात, कापसाच्या ढिगाच्या कडेला, लुगड्याच्या धडप्यावर निजवलेली असत. लेकरू रडलं तर आईचं लक्ष उडणार, हात थांबणार. म्हणून सकाळी आत शिरतानाच प्रत्येकीने लेकराला बोट द्यायचं, अशी रीत होती. बोट म्हणजे पाण्यात उगाळलेली अफू, बोटाच्या टोकावर घेऊन लेकराच्या टाळूला लावलेली. दुपारपर्यंत लेकरू हूं की चूं करत नसे. अफूची डबी भागूबाईच्या चंचीत असे. आता ती उघड मिळत नव्हती, पण भागूबाई कुठून तरी आणायची, आणि नव्या पोरींना किती द्यायची ते आपल्या हाताने दाखवायची. ते ती उपकार म्हणूनच करत असे. तिलाही कुणीतरी असंच दाखवलं होतं.

तिची पहिली पोरगी या जिनिंगमध्येच गेली होती. दुसऱ्याच हंगामात, पाच महिन्यांची होऊन. कुणी विचारलं तर भागूबाई सांगायची, "झडप लागली, बाहेरची बाधा." एवढंच. त्यानंतर दोन पोरं झाली, वाढली, एक परभणीला गेला, एक कळमनुरीला. पोरीचा विषय तिने कधी काढला नाही.

मग तो दुष्काळ आला. बहात्तर साली पावसाने असं तोंड फिरवलं की कापसाचं बोंडसुद्धा धरलं नाही. जिनिंगचं फाटक दिवाळीला उघडलंच नाही. बाया पांगल्या. कुणी रस्त्याच्या खडीवर गेल्या, कुणी पाझर तलावाच्या मातीवर. भागूबाई मात्र गेली नाही. शेठने तिला बंद जिनिंगच्या राखणीवर ठेवून घेतलं होतं आणि त्याचं तिला मोठं अप्रूप वाटलं होतं. वर्षभर ती रिकाम्या शेडमध्ये झाडू मारत राहिली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, कापूस पिकला, भोंगा वाजला. बाया परत आल्या. भागूबाईने फाटकात उभं राहून नेहमीसारखं एकेकीकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की चाल बदललीय. नेमकं काय बदललं ते मात्र तिला सांगता येईना.

ते तिला पद्मामुळे कळलं. पद्मा बौद्धवाड्यातली, तेवीस-चोवीस वर्षांची, हाताला चपळ. तिचा नवरा जळबा, आखाडा बाळापूर गावाकडे रस्त्याच्या कामावर होता. पद्माच्या काखेला आठ महिन्यांची पोर होती. फाटकात ती थांबली आणि राखणदार शंकरसिंगला तिने सरळ विचारलं, "लेकरं कुठं ठेवायची?"

शंकरसिंग हसला. "जहाँ हमेशा रखते, वहीं. पीछे गोदाम में."

"तिथं उंदरं हायेत. आन् हवेत समदी रुई. लेकराच्या नाकात जाती."

"तो फिर सर पे बिठा लो."

मागच्या बाया हसल्या, पण पद्मा हसली नाही. भागूबाई पुढे झाली. "काय झालं गं? चल आत. ढिगाच्या त्या अंगाला टाक, तिकडं वारं लागत न्हाई." आणि चंचीतून डबी काढली. "ये, बोट देते. दुपारपर्यंत बघाय नको."

पद्माने पोरीला दुसऱ्या काखेवर घेतलं. "न्हाई मावशी. माझं लेकरू अफूवर न्हाई झोपायचं."

"काहून? तुझं काय येगळं हाये का? ह्या समद्यांची लेकरं अशीच वाढली."

"वाढली तेवढीच मोजून राहिल्या तुमी," पद्मा म्हणाली.

ती उद्धटपणे बोलली नव्हती. आवाजही चढवला नव्हता. पण भागूबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने डबी चंचीत टाकली आणि म्हणाली, "भोंगा झाला. यंत्रावर जा."

दुपारच्या भाकरीला बाया कडुनिंबाखाली बसल्या तेव्हा पद्मा साखरा गावच्या दुष्काळी कामाबद्दल सांगत होती. भागूबाई जरा दूर बसली होती, पण कान तिकडेच होते. साखऱ्याला पाझर तलावाच्या कामावर सातशे माणसं होती म्हणे. ऊन असं की टोपल्याची कडी हाताला चटका द्यायची. पोटात सुकडीशिवाय काही नाही. पण तिथे लेकरांसाठी कुडाची झोपडी होती. एक म्हातारी दिवसभर तिथेच बसायची आणि तेच तिचं काम. त्याची मजुरी तिला मिळायची. पाण्याचा एकच रांजण, सगळ्यांना तोच, कुणी कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतत नव्हतं. आणि मधल्या वेळेला मुकादम शिट्टी फुंकायचा, लेकरांना पाजायला.

"तिथं आमी माती वाहायलो, दगडं फोडले. हातांची सालटं गेली," पद्मा म्हणाली. "पण लेकरू कुठं हाये ह्याची काळजी न्हवती."

"ते सरकारी काम व्हतं," द्वारकाबाई नावाची दुसरी एक बाई म्हणाली.

"सरकारी असो का शेठचं. लेकरू तर तेच हाये ना?"

भागूबाईने पाहिलं तर द्वारकाबाई भाकरीचा घास हातात धरून गोदामाकडे बघत बसली होती. तिचा सहा महिन्यांचा पोरगा आत होता. सकाळी त्याला बोट दिलं होतं, भागूबाईनेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पद्माने यंत्रापुढून हात काढले, पदराने तोंड पुसलं आणि सरळ गोदामाकडे चालती झाली. यंत्र रिकामं खडखडू लागलं. भागूबाई धावली. "ए, कुठं चालली?"

"पाजायला. आत्ता येते."

ती पाजून परत आली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून द्वारकाबाई गेली. त्याच्या पुढच्या दिवशी पाच जणी, आणि आठवडा संपता संपता तान्ह्या लेकरांच्या चौदाच्या चौदा आया. अकरा वाजले की निम्म्या रांगेचा खडखडाट व्हायचा. आणखी एक गोष्ट झाली. सकाळी डबी उघडून बसलेल्या भागूबाईकडे कुणी येईनासं झालं. कुणी तिला नाही म्हटलं नाही, तिच्याशी भांडलं नाही. बाया मान खाली घालून बाजूने निघून जात. लेकरं आता गोदामात रडत. यंत्रांच्या आवाजातूनही ते रडणं ऐकू यायचं, आणि भागूबाईला ते सहन व्हायचं नाही. इतक्या वर्षांत या शेडमध्ये लेकराचं रडणं तिने ऐकलंच नव्हतं.

शेठने तिला बोलावलं. पुनमचंद शेठ वाईट माणूस नव्हता. लग्नाकार्याला मदत करायचा, बायांशी वेडंवाकडं वागायचा नाही, कुणाला वागू द्यायचा नाही. गादीवर बसून तो म्हणाला, "भागूबाई, ये क्या चाललंय? बीस साल में असं कधी झालं नाही."

"न्हाई झालं शेठजी."

"तू संभालती थी, इसलिए नाही झालं. आता काय झालं?"

"दुष्काळी कामाचं वारं लागलं त्यायला," ती म्हणाली.

"तो ऐसा कर. ज्यांच्या अंगावर लेकरू आहे त्यांना सांग, घरी बसा. दुसऱ्या बाया आण. जवळा बाजारला जा. तिथून तू पहिले आणायचीस ना?"

भागूबाई दुसऱ्या दिवशी एसटीने जवळा बाजारला गेली. औंढ्याच्या पुढे रस्ता खड्ड्यांचा, पण तिला ते जाणवलं नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं: पंधरा बाया नेऊन उभ्या करीन, मग बघते ही पद्मा काय करते. आमी न्हाई का केलं? आमी न्हाई का काढले दिवस?

बाजार भरलेला होता. मंजुळाबाई नावाची तिची जुनी ओळखीची बाई मिरच्यांच्या वाट्यांजवळ बसायची. गावातल्या मजूर बाया गोळा करून देण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिने तासाभरात दहा-बारा जणी पिंपळाखाली आणून बसवल्या. भागूबाईने काम सांगितलं, राहायची सोय सांगितली. बायांनी ऐकून घेतलं. मग त्यांतली एक उंच बाई म्हणाली, "लेकरं कुठं ठेवायची?"

भागूबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"सावली हाये का? सांभाळायला बाई हाये का?" दुसरी म्हणाली.

"प्यायचं पाणी कुठून हाये? टाकीचं का हिरीचं?"

"तुमाला कामाला बोलवून राहिले मी, लग्नाला न्हाई!" भागूबाई ओरडली. "मी वीस वर्सं काम केलं तिथं, कधी इचारलं न्हाई!"

उंच बाई शांतपणे म्हणाली, "आमीबी न्हवतो इचारत मावशी. पर खडीवर मिळालं. एकदा डोळ्यानं पाहिलं, आता न्हाई कसं म्हणावं?"

एकेक करून बाया उठल्या. मंजुळाबाईने हात झटकले. "समदीकडं हेच चालू हाये भागू. वावरातबी आता दिस बुडायच्या आत घरी जाऊन राहिल्या. मी तरी काय करू?"

एकच पोरगी बसून राहिली. वीसेक वर्षांची, पोट पुढे आलेलं, हाडं वर आलेली. "मला न्या," ती म्हणाली. "पुढल्या म्हयन्यात मोकळी होईन. मग आठ दिसांनी कामाला लागते."

"पहिलंच का?"

"दुसरं. पहिलं गेलं."

"कशानं?"

"वावरात धुऱ्यावर झोळीत निजवलं व्हतं. निजलं ते उठलंच न्हाई."

भागूबाई तिच्याजवळ सरकली. तिने विचारलं, "काय दिलं व्हतं त्याला?"

पोरगी जमिनीकडे बघत म्हणाली, "सासूनं बोट दिलं व्हतं. रडायचं लई. सासूचा काई दोष न्हाई, समद्याच देत्यात. झडप लागली म्हणाले."

भागूबाईने तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, जनका. भागूबाईने तिच्या हातावर भाकरी ठेवली, बाजारातून घेतलेले थोडे फुटाणे ठेवले, आणि "बाळंत हो, मग बघू" म्हणून निघाली. परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर कापसाची वावरं जात होती, वेचणी जोरात चाललेली. भागूबाईने पदर तोंडावर ओढून घेतला.

तिच्या पोरीचं नाव सुगंधा होतं. त्या दिवशी सकाळी पोर किरकिर करत होती, म्हणून तिने बोट दिलं. नऊ वाजता पुन्हा रडण्याचा आवाज आला, तेव्हाचा मुकादम खेकसला, म्हणून ती धावत गेली आणि दुसऱ्यांदा दिलं. दुपारी पाजायला गेली तर पोरीचे ओठ जांभळे. कापसाचा एक पुंजका नाकाशी होता. ती हाक मारत राहिली. बाया जमल्या आणि कुणीतरी म्हणालं, झडप लागली. तो शब्द तिने घट्ट धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली. शेठचे वडील तेव्हा गादीवर होते. ते म्हणाले, बाई हिमतीची आहे. पुढे मुकादमी मिळाली ती त्याच नावावर.

दुसऱ्यांदा दिलेलं बोट तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आणि इतरांच्या लेकरांना बोट देणं तिने थांबवलं नव्हतं, कारण थांबवलं असतं तर झडप खोटी ठरली असती.

औंढ्याला एसटी थांबली. भागूबाई उतरली, स्टँडमागच्या उकिरड्याकडे गेली आणि चंचीतली डबी तिथे फेकून आली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ती शेवटची चढली.

दुसऱ्या दिवशी ती शेठपुढे उभी राहिली. "बाया न्हाई मिळाल्या शेठजी. तिथंबी त्या तेच इचारून राहिल्या."

"क्या?"

"लेकरं कुठं ठेवायची." आणि मग, विचारलं नसताना, ती म्हणाली, "माझी पोरगी मागच्या गोदामात मेली. तुमी लहान असाल तवा."

"मालूम है. बाबूजी सांगायचे. नशीब की बात, भागूबाई."

"नशिबानं न्हाई मारलं तिला. म्या अफू दिली. दोनदा दिली. हात थांबू नये म्हणून."

शेठने समोरच्या दौतीचं झाकण उघडलं आणि लावलं. मग तो म्हणाला, "बारदानाची खोली रिकामी करून देतो. सरकी भरणाऱ्या म्हाताऱ्या गोजरबाईला तिथं बसव, तिचा रोज मी देईन. अकरा वाजता थोडा वक्त पाजायला. लेकिन वो पद्मा नको. आज खोली मागितली, कल काय मागेल? तिला कल से बंद."

भागूबाईने मनात तोलून पाहिलं. बाकीच्या तेरा लेकरांपुढे एक बाई. "व्हय," ती म्हणाली.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती बौद्धवाड्यात गेली. पद्मा चुलीपुढे बसली होती, पोर मांडीवर. तिने पाट पुढे केला. भागूबाई बसली आणि सगळं सांगितलं, खोलीचं आधी आणि तिचं नाव काढल्याचं नंतर. तिला वाटलं होतं पद्मा रडेल, नाहीतर शिव्या देईल.

पद्मा म्हणाली, "तुमी व्हय म्हणून आल्या?"

"खोली मिळती हाये गं. बाकी तेरा लेकरांचं भलं होतं."

"मला इचारलं का?"

"शेठपुढं उभी व्हते मी. तिथून येऊन कसं इचारू?"

"तसंच. म्हणायचं, इचारून सांगते." पद्माने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तुमी वाईट न्हाई मावशी. पर माझ्या जिवाचा निवाडा माझ्या माघारी झाला. तुमचाबी असाच झाला व्हता ना? कुणीतरी ठरवलं, आन् तुमी बोट दिलं."

भागूबाईने सुगंधाबद्दल तिला काही सांगितलं नव्हतं. पण जिनिंगमधल्या जुन्या बायांना माहीत होतं ते पद्मापर्यंतही पोचलंच असणार. भागूबाई उठली. पद्माने तिला थांबवलं नाही.

सकाळी बाया फाटकाशी जमल्या. शंकरसिंगने सांगून टाकलं होतं की खोली मिळाली, आणि बाया हसत होत्या. द्वारकाबाईने पोराला नवं टोपरं घातलं होतं. भागूबाई गप्प राहिली असती तरी चाललं असतं. दुपारपर्यंत पद्मा का आली नाही हे कुणी विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तर आजारी आहे म्हणून भागवता आलं असतं. एवढ्यात पद्मा वस्तीकडून चालत आली. आत जाण्यासाठी नाही. तिचा डबा आणि फडकं आत राहिलं होतं, ते घ्यायला. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या.

भोंगा वाजला. कुणी आत वळणार तोच भागूबाई म्हणाली, "थांबा."

आणि तिने सांगितलं. खोली कोणत्या अटीवर मिळाली, आणि त्या अटीला व्हय कुणी म्हटलं. "म्या म्हणलं," ती म्हणाली. "हिला न इचारता म्हणलं. ते चुकलं माझं. आता काय करायचं ते तुमी ठरवा. म्या कुणाच्या वतीनं काई बोलणार न्हाई."

बायांमध्ये कुजबुज झाली. कुणी म्हणालं, खोली तर घेऊन टाकू, पद्माचं मग बघू. कुणी म्हणालं, मग कधी बघायचं? एकीचा नवरा आजारी होता. तिने सगळ्यांना हात जोडले आणि आत गेली, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी गेल्या. कुणी त्यांना बोल लावला नाही. द्वारकाबाई मात्र फाटकाबाहेरच्या मातीत मांडी घालून बसली आणि पोराला अंगावर घेतलं. मग दुसरी बसली. मग रांगच बसली. पद्मा उभीच होती, हातात डबा.

भागूबाई फाटकाच्या आत होती. तिने शेडकडे पाहिलं, गादीच्या खिडकीकडे पाहिलं. मग ती बाहेर आली आणि द्वारकाबाईशेजारी बसली. भोंगा होऊन गेल्यावर ती फाटकाबाहेर असण्याची ती पहिलीच वेळ.

इंजिनवरचा वसराम तासभर जवळजवळ रिकामी यंत्रं फिरवत बसला, मग त्याने पट्टा उतरवून ठेवला. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. गाडीवान बायांशी बोलायला येऊन बसले, बैलांना चारा टाकून. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः फाटकाशी आला, सगळ्यांकडे बघून परत गेला. त्या दोन दिवसांत आठ-दहा बाया मागच्या वाटेने आत गेल्या. उरलेल्यांच्या घरी पीठ संपत आलं होतं. द्वारकाबाईला सासऱ्याने मारलं. ती सुजलेल्या गालाने येऊन बसली. पद्मा भागूबाईशी बोलत नव्हती, पण पाण्याची घागर भरून आणली की तिच्यापुढेही तांब्या ठेवायची. भागूबाई तो उचलून प्यायची. आयुष्यात पहिल्यांदा ती बौद्धवाड्याच्या विहिरीचं पाणी पीत होती, आणि तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शंकरसिंग आला. सगळ्यांना आत घ्या म्हणून शेठचा निरोप होता. पद्मालाही. खोलीही. फक्त भागूबाईची मुकादमी गेली. तिच्या जागी शेठने आपल्या दिवाणजीचा एक माणूस नेमला. भागूबाईला हवं असेल तर यंत्रावर जागा आहे, असा निरोप होता.

"ये तो ठीक नहीं हुआ, भागूबाई," शंकरसिंग हळूच म्हणाला.

"व्हय, न्हाई झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन बाविसाव्या यंत्रापुढे उभी राहिली. हातांना सवय होती. पहिल्या ओंजळीलाच यंत्र सुरळीत चालू लागलं. छातीला मात्र सवय राहिली नव्हती. संध्याकाळी ती इतकी खोकली की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

बारदानाच्या खोलीत चौदा लेकरं राहू लागली. गोजरबाई झोळ्यांना दोऱ्या बांधून एकाच जागेवरून झोके द्यायची. पहिले काही दिवस ती पद्माच्या पोरीला हात लावत नव्हती. रडली तर दोरी जोरात ओढायची. एकदा पोरीला उचकी लागून ती काळीनिळी झाली, तेव्हा म्हातारीने तिला उचलून पाठीवर थोपटलं. नंतरही ती घरी जाऊन अंघोळ करतच असे, पण पोरीला उचलायची. अकरा वाजले की आया जात. भागूबाई तेवढा वेळ यंत्रापाशीच थांबे, एकटी, आजूबाजूची यंत्रं खडखडत असताना.

फाल्गुनात ऊन तापलं. कापूस सरत आला तरी काम चालूच होतं. एके दिवशी पद्मा खोलीतून परत आली ती चिडून. "पत्रा लाल झाला वर. लेकरांच्या अंगाला पुरळ उठलं. शेठला सांगावं लागल."

"आता आन् काय," भागूबाईच्या तोंडून जुन्या सवयीने निघालं. यंत्रातला कापूस संपेपर्यंत तिने हात चालवले. मग पदराने कपाळ पुसलं आणि पद्माला विचारलं, "काय सांगू? तू सांग, तसंच सांगते."

पद्माने तिच्याकडे पाहिलं. चुलीपुढच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "वर कापसाच्या पऱ्हाट्या टाकून द्या म्हणावं. जाडजूड. आन् दारात रांजण."

"चल मंग संगं."

"तुमीच जा. माझं नाव ऐकून आधीच न्हाई म्हणल."

भागूबाई अंगणातून गादीकडे गेली. नव्या मुकादमाने मागून हाक मारली, ती तिने ऐकली नाही. शेठ वही चाळत होता. दारात सावली पडली तशी त्याने चष्मा वर केला. "अब क्या है, भागूबाई?"

तिने पद्माने सांगितलं तेच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. पत्रा, पऱ्हाट्या, रांजण. शेठ म्हणाला, बघू. ती दारातच उभी राहिली. शेडमध्ये तिचं यंत्र रिकामं खडखडत होतं आणि तिच्या पायांना चटके बसत होते. शेठने पुन्हा वर पाहिलं.

"कधी बघायचं, शेठजी?" भागूबाईने विचारलं.